काठावरचं माप

खरं सांगायचं तर दगडूबाबांनी काहीच मागितलं नव्हतं. जुलैतला रविवार, कोपरचं घर, सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. जेवता जेवता ते एवढंच म्हणाले की नारळी पुनवेला होडी खाडीवर न्यायची, तर पोरं जमतील का ते यंदा बघायला हवं. हे ते कोणाला उद्देशून बोललेही नव्हते. समोरच्या ताटाशी बोलल्यासारखे बोलले होते. पण त्यांचा जावई मितेश जगदाळे तिसरी भाकरी संपवून तृप्त झाला होता, आणि तृप्त माणसाच्या तोंडून जी वाक्यं निघतात त्यातलं एक निघून गेलं.

"माणसं कशाला हवीत बाबा? मी ट्रेलर आणतो."

ताटावरची सगळी डोकी वर झाली. दगडूबाबांचीही झाली. गेल्या अकरा वर्षांत त्या घरात मितेशच्या बोलण्याने एवढी डोकी एकदम कधीच वर झाली नव्हती.

त्याचं असं होतं की कोपरच्या त्या कोळ्यांच्या घरात जावई म्हणून मान भरपूर होता, पण उपयोग काडीचा नव्हता. मितेश राहायचा ठाण्याला, वर्तकनगरच्या कॉलनीत. मूळ घराणं देशावरचं. त्यांच्याकडे होडी व्हायची ती फक्त पावसाळ्यात, कागदाची. त्याला पोहता येत नव्हतं. एकदा सासऱ्यांबरोबर खाडीत गेला तर ओहोटीच्या शांत पाण्यात त्याला मळमळलं होतं. जाळं शिवायला बसला तर त्याचंच बोट जाळ्यात शिवलं गेलं होतं. तरी कोणी कधी हसलं नाही. सासूबाई, आवडाबाई, त्याच्या माशातले काटे आधीच काढून ठेवायच्या आणि ही गोष्ट कोणाच्या लक्षात येणार नाही याची काळजी घ्यायच्या. (ती सगळ्यांच्या लक्षात आली होती.)

तर ट्रेलर. मितेश ठाण्यातल्या एका कॉलेजच्या परीक्षा विभागात वरिष्ठ लिपिक होता. त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या जयेशचा मेहुणा पूर्वी कुठल्याशा तलावावर बोटिंग चालवायचा. तो धंदा बंद झाला आणि बोटी वाहणारा ट्रेलर शेडमागे गंजत पडला. घेऊन जा, असं जयेश आनंदाने म्हणाला. त्याने एवढा आनंद का दाखवावा, हे मितेशने तेव्हाच विचारायला हवं होतं.

तो ट्रेलर म्हणजे दोन चाकांवरचा लोखंडी सांगाडा. पुढे गाडीच्या हुकात अडकवायचा लांब दांडा, त्या दांड्यावर एक उभा खांब, ज्याला होडीचं नाक टेकवून बांधायचं. मागे दोन्ही बाजूंना दोन लांब लाकडी टेकू, ज्यांच्यावर होडीचं पोट विसावायचं. आणि चाकांना जोडणारा आडवा एक्सल. हे सगळं नट-बोल्टांनी पुढे-मागे, आत-बाहेर सरकवता येत होतं, कारण प्रत्येक होडीचा घाट वेगळा. ट्रेलर होता तलावातल्या एका अरुंद स्पीडबोटीसाठी. तो दगडूबाबांच्या होडीला बसवून घ्यायचा, एवढंच काम होतं.

दीपिकाला, म्हणजे बायकोला, शंका होती. गॅरेजवाल्याकडून करून घे, असं तिने दोनदा सुचवलं. मितेशने तिला समजावलं की मार्चमध्ये तो बाराशे विद्यार्थ्यांची बैठक व्यवस्था एकहाती लावतो. बाराशे मुलं जो बसवतो त्याला एक होडी बसवता येणार नाही का? यावर दीपिका काही बोलली नाही. (लग्नाला अकरा वर्षं झाली की बायको काय बोलली यापेक्षा कुठे गप्प बसली ते लिहून ठेवावं, पण मितेशला लिहून ठेवायची सवय फक्त ऑफिसात होती.)

पुढच्या रविवारी तो माप घ्यायला कोपरला गेला. होडी अंगणात ठोकळ्यांवर पालथी घातलेली होती. पावसाळ्यात दगडूबाबा आणि त्यांचा धाकटा भाऊ नाथा, दोघांनी तिच्या बुडाला फायबरचा नवा थर दिला होता. होडी त्या दोघांनीच वीस वर्षांपूर्वी बांधलेली. दगडूबाबांना त्यात काय वाटत असेल ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण येता-जाता ते तिच्यावरून हात फिरवत.

पालथ्या होडीचा काठ जमिनीलगत, बसल्या बसल्या हाताला येईल असा. मितेश पाटावर बसला आणि टेप लावून काठाची रुंदी घेतली. पुढे एवढी, मध्ये पाच फूट दोन इंच, मागे एवढी. सगळं पुरवणीच्या कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली तारीख टाकली, आणि सवयीने सहीसुद्धा केली. नाथाकाका दात कोरत बाजूला उभे होते. त्यांनी विचारलं की बूड नाय मोजायचं काय? मितेश म्हणाला की तेच तर मोजतोय. त्याच्या लेखी पालथ्या होडीत जे वर ते बूड आणि जे खाली तेही त्याच होडीचं, यात फरक करण्यासारखं काही नव्हतं.

मग दोन रविवार वर्तकनगरच्या बिल्डिंगच्या आवारात ट्रेलर दुरुस्त होत राहिला. मितेश हाफ पँट घालून त्याच्याखाली झोपे आणि मोबाईलवर एका दाढीवाल्या परदेशी माणसाचे व्हिडिओ लावून पाना फिरवी. व्हिडिओ प्रत्येकी चाळीस मिनिटांचे होते, मितेशने त्यांतली पहिली सहा-सात मिनिटं पाहिली होती, आणि तेवढ्यावर त्याला विषय समजला होता. गंजलेला एकेक नट सुटला की तो उठून बाल्कनीकडे बघे. बाल्कनीत दीपिका सोडून बाकी सगळी बिल्डिंग असे. सोसायटीच्या फळ्यावर 'आवारात आढळलेला लोखंडी सांगाडा' या विषयाची सूचना लागली. मितेशने मग तिच्याखाली खुलासा लिहिला, जावक क्रमांकासह. टेकू पाच फूट दोन इंचांवर आवळले गेले. गाडीला हुक बसला. ट्रेलर डुलत डुलत कोपरला पोचला.

आता पुनवेच्या आधीच्या रविवारी होडी प्रत्यक्ष बसवून बघायची होती. नाथाकाकांनी अंगणातल्या आंब्याला चेन-पुली लावली, आळीतले पाच-सहा जण आले, होडी सुलटी करून उचलली, ट्रेलर खाली सरकवला. दगडूबाबांनी एक हात होडीच्या नाकावर ठेवला होता. साखळी सैल सुटत गेली, होडी हळूहळू खाली आली, टेकूंपर्यंत आली, आणि तिथे न थांबता आणखी खाली गेली.

होडी काठापाशी रुंद असते आणि बुडाशी अरुंद. हे कोपरला शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ती दोन टेकूंच्या मधून आरामात खाली उतरली, धप्पकन एक्सलवर बसली, आणि डावीकडे कलून तशीच राहिली.

सगळे मितेशकडे बघत होते. त्याने खिशातून मापांचा कागद काढला, होडीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. त्या क्षणी तो एवढंच म्हणाला असता की माझं काहीतरी चुकलं, तर गोष्ट तिथेच संपली असती. सगळे हसले असते, चहा झाला असता. पण कागद व्यवस्थित होता, त्याखाली सही होती, आणि समोर सासरची आठ माणसं होती.

"बाबा, मापं बरोबर आहेत," तो म्हणाला. "होडीच जराशी वाकडी असावी."

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. पण बोललेलं काही चेन-पुलीने परत वर ओढता येत नाही. दगडूबाबांनी होडीच्या नाकावरचा हात काढला. नाथाकाका म्हणाले, "ईस वर्सं पान्यान सरल चाललीय ती." एवढं बोलून ते आंब्याला टेकले. दगडूबाबा वाकून होडीच्या बुडाकडे, मग काठाकडे, मग परत बुडाकडे बघत राहिले.

मितेशने मग खूप काम केलं. चूक झाकायला माणूस जेवढं काम करतो तेवढं त्याने ऑफिसात कधी केलं नव्हतं. होडी उचलायला लावून टेकू अंदाजाने आत घेतले. डाव्या बाजूला गोणपाट आणि फळकुटं भरून ती दिसायला सरळ केली. पोट तरीही एक्सलला लागत होतं, म्हणून त्याने एक्सलच सुटा करून चांगला दोन-अडीच फूट पुढे सरकवला, जिथे होडीचं बूड नाकाकडे वर चढत जातं. आता मध्ये बोटभर फट दिसायला लागली. होडी बसली. तिचा बहुतेक भार चाकांच्या मागे गेला हे खरं, पण त्यामुळे पुढचा दांडा एका हाताने उचलता येऊ लागला, आणि मितेशला ती स्वतःची कर्तबगारी वाटली. होडीचं नाक त्याने स्वतः पुढच्या खांबाला दोरीने बांधलं. होडी ट्रेलरसकट अंगणात ठेवून तो आणि दीपिका ठाण्याला परतले. गाडीत दीपिका कोपरपासून माजिवड्यापर्यंत बाहेर बघत होती.

बुधवारी संध्याकाळी मितेशने, का कोण जाणे, त्या दाढीवाल्याचा व्हिडिओ पुन्हा लावला आणि या वेळी पुढेही पाहिला. अकराव्या मिनिटाला दाढीवाला बोट रोखून सांगत होता की माप काठाचं घेऊ नका, बूड जिथे टेकणार तिथलं घ्या, नवशिके इथेच फसतात. मितेशने तेवढा भाग तीनदा पाहिला. चौथ्यांदा तो काही वेगळं सांगेल अशी त्याला आशा असावी.

तेवढ्यात दीपिका आतून आली. तिचं आईशी फोनवर बोलणं झालं होतं. ती समोरच्या खुर्चीत बसली आणि सांगू लागली. बाबा दोन दिवस होडीखाली आहेत. नाकापासून मागपर्यंत दोरी ताणून बांधलीये, खडूने खुणा करतायत, मोजतायत, पुसतायत. काल नाथाकाकांना विचारत होते की आपण बांधली तेव्हा तुझा हात चुकला की माझा. जेवणावर लक्ष नाही.

"मितेश, खरं सांग," ती म्हणाली. "होडी खरंच वाकडी आहे?"

मोबाईल मितेशच्या मांडीवर उलटा पडला होता. समोर बायको होती, घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि खरं बोलायला यापेक्षा सोपी जागा आयुष्यात मिळणार नव्हती.

"थोडीशीच," तो म्हणाला.

त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. सत्तरीचा माणूस, मांडी घालायला त्रास होतो, तो होडीखाली सरपटत खडूने खुणा करतोय, हे दृश्य डोळ्यांसमोरून हलेना. शुक्रवारी त्याने ऑफिसच्या जिन्यात जाऊन कोपरला फोन लावला. आवडाबाईंनी उचलला, जेवलात का विचारलं, डब्यात काय होतं विचारलं, आणि फोन बाबांकडे दिला.

दगडूबाबा म्हणाले, "बोला जावय."

मितेशने विचारलं, तिकडे पाऊस कसा आहे.

दगडूबाबांनी सांगितलं, बरा आहे. मग दोघंही थोडा वेळ पावसाचा विचार करत थांबले आणि मितेशने फोन ठेवला. दुरुस्ती करायची म्हणजे होडी पुन्हा उतरवायला हवी, ती उतरवायची तर कारण सांगायला हवं. त्यापेक्षा पुनव पार पडू दे, होडी पाण्यात गेली की शांतपणे सांगू, असं त्याने ठरवलं. घर ते खाडी, पंधरा मिनिटांचा तर रस्ता. तेवढ्याने काय होतंय.

नारळी पुनवेला आळी नटली होती. होड्यांना पताका, दारांत रांगोळ्या, बँडवाल्यांचे लाल कोट, सोनेरी कागद लावलेला मानाचा नारळ. बायका नेसून-माळून तयार. नाथाकाकांनी मितेशला बघताच लाल कोळी टोपी आणून त्याच्या डोक्यावर ठेवली आणि ती सरळ बसली की वाकडी हे जरा लांबून, डोळा बारीक करून पाहिलं. मितेश हसला, पण त्याचे कान तापले. दगडूबाबांनी नवा सदरा घातला होता. त्यांनी जावयाला, या, असं नेहमीसारखंच म्हटलं. नेहमीसारखंच म्हटलं हे जास्त लागलं.

सकाळीच नाथाकाकांनी होडीच्या मागच्या टोकाला इंजिन चढवलं होतं. तिथेच मग जाळी, तेलाचा कॅन आणि नारळांचं पोतं ठेवलं गेलं. ट्रेलरची मागची बाजू जमिनीकडे किंचित वाकली होती. गाडीची मागची बाजू, उलट, किंचित ताठ झाली होती. मितेशला ते दिसलं, आणि तो बघितलं न बघितलंसं करून स्टिअरिंगवर जाऊन बसला.

आता होडीची पूजा, ओटी, आणि मग निघायचं. आवडाबाई हातात ताट घेऊन, निरांजन पेटवून, मागून स्टुलावरून होडीत चढल्या. त्या टोकापाशी बसल्या आणि त्यांनी ताट मांडीवर घेतलं.

गाडीत बसलेल्या मितेशला आधी कळलंच नाही. समोर आळी दिसत होती, लोकांचे चेहरे दिसत होते. मग ते चेहरे काचेतून वर सरकत गेले आणि फक्त सदरे दिसायला लागले. मग पाय. गाडी हळूहळू नाकावर वाकत होती. पुढचं चाक पंक्चर झालं अशी त्याची समजूत झाली. खरं म्हणजे मागच्या भाराने ट्रेलरचा पुढचा दांडा वर उचलला जात होता, आणि त्या दांड्याने गाडीची मागची दोन चाकं जमिनीपासून वीतभर वर घेतली होती. त्याने हँडब्रेक घट्ट ओढला. (हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. ती हवेत होती.) मागून कोणीतरी, ए थांब, असं म्हणालं. बँडच्या आवाजात त्याला ते, ए चल, असं ऐकू आलं. त्याने हँडब्रेक सोडला, गिअर टाकला आणि गाडी पुढे काढली.

ती पुढे गेलीही, आणि फार छान गेली. एवढी जड होडी मागे असून गाडी इतकी हलकी चालतेय याचं त्याला क्षणभर समाधान वाटलं. आठवड्याभराची टोचणी जरा सैल झाली. वीस-पंचवीस पावलांवर त्याच्या लक्षात आलं की बँड थांबलाय. त्याने आरशात पाहिलं.

मागे रिकामा ट्रेलर होता. ट्रेलरच्या मागे मोकळा रस्ता होता. आणि त्या रस्त्याच्या मधोमध, जिथे पाण्याचा थेंब नव्हता, दगडूबाबांची होडी व्यवस्थित सरळ टेकलेली होती. त्याने बुटाच्या नाडीची गाठ मारून बांधलेली दोरी पहिल्या हिसक्यात सुटली होती. होडीचं मागचं टोक आधीच जमिनीला टेकायला आलं होतं, त्यामुळे ट्रेलर खालून निघून गेला तेव्हा ती फक्त जागच्या जागी खाली बसली. (इंजिनाचा पंखा नाथाकाकांनी वर उचलून बांधला होता म्हणून तोही वाचला.) होडीत आवडाबाई होत्या तशाच बसल्या होत्या. मांडीवर ताट होतं. निरांजन विझलंसुद्धा नव्हतं.

दीपिका चालत गाडीपाशी आली. ठाण्याच्या घरात ती त्याला अरे-तुरे करायची, पण कोपरला, आई-वडिलांसमोर, गेली अकरा वर्षं न चुकता अहो-जाहो. ती खिडकीशी वाकली.

"उतर," ती म्हणाली. सगळ्या आळीने ऐकलं.

तो उतरला. ती पंचवीस पावलं तो मागे चालत गेला, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. कोणी हसत नव्हतं, आणि ते फार वाईट होतं. हसले असते तर त्यालाही हसता आलं असतं. आवडाबाईंना दोघींनी हात धरून उतरवलं. त्यांनी सगळ्यात आधी, तुम्हाला लागलं नाय ना, असं त्यालाच विचारलं. तेव्हा मात्र मितेशचा धीर सुटला. तो दगडूबाबांसमोर जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत, लाल टोपी डोक्यावर तशीच ठेवून, बोलायला लागला.

त्याने सांगितलं की होडी वाकडी नाही. कधीच नव्हती. माप त्याने काठाचं घेतलं, बुडाचं घ्यायला हवं होतं. ही चूक त्याला बुधवारीच समजली होती. दीपिकाने विचारलं तेव्हा तो खोटं बोलला. शुक्रवारी फोन केला तो हेच सांगायला, पण पावसाचं विचारून ठेवून दिला. शेवटी त्याने, मला माफ करा बाबा, असं म्हटलं आणि तो होडीकडे बघत राहिला, कारण माणसांकडे बघवत नव्हतं.

दगडूबाबांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. पुरवणीचा. रविवारी घाईत अंगणात राहून गेलेला.

"दोन दिस दोरी लावून बगितली," ते म्हणाले. "सरल हाय. मंग तुमचा कागुद बगितला. पाच फूट दोन इंच बूड आमचे आख्ख्ये खाडीन कोनचे होरीचा नाय. तवाच कललं."

म्हणजे गुरुवारी. म्हणजे शुक्रवारी मितेश जिन्यात उभा राहून पावसाची चौकशी करत होता तेव्हा बाबांना सगळं माहीत होतं. मितेशने कसंबसं विचारलं की मग तुम्ही बोलला का नाहीत.

"तुमी बोलशाल, म्हनून थांबलू," दगडूबाबा म्हणाले. "आनि त्याच दिसाला तुमी टेकू आत घेतलं, म्हंजे नीट केला असंल, असा वाटला."

या वाक्यात राग अजिबात नव्हता. असता तर बरं झालं असतं. मितेशने दीपिकाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिलाही माहीत होतं. आवडाबाईंनी तिला सांगितलं होतं, आवडाबाईंना बाबांनी. हळूहळू एकेक चेहरा बघत गेल्यावर मितेशला कळलं की बँडवाले सोडले तर हे सगळ्यांनाच माहीत होतं. अख्खी आळी तीन दिवस जावयाच्या खरं बोलण्याची वाट बघत होती. एवढी माणसं एवढ्या शांतपणे आपली लाज राखतायत आणि आपणच तिच्यावरून गाडी नेली, असं त्याला वाटलं. रस्ता दुभंगून पोटात घेईल तर बरं, पण तो नुकताच काँक्रीटचा झाला होता.

दीपिका जवळ येऊन हळूच म्हणाली, "बुधवारी मला सांगितलं असतंस तर मी कोणाला बोलले नसते." एवढंच. पण हे ओझं तो बरेच दिवस वागवणार होता.

आता प्रश्न होता होडीचा. ट्रेलरचं नाव कोणी काढलं नाही. नाथाकाकांनी आळीभर नजर फिरवली आणि सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. पोरं जमतील का, अशी बाबांना चिंता होती खरी, पण ती साध्या दिवसाची. नारळी पुनवेला आळीतला एकूण एक माणूस रजा टाकून घरी असतो. कारखान्यातला, बँकेतला, सगळा. इंजिन, पोतं, जाळी बाहेर काढली. बघता बघता चौदा-पंधरा माणसं होडीच्या दोन्ही बाजूंनी उभी राहिली. ट्रेलरची गरज आधीही नव्हती, हे मितेशला त्या क्षणी समजलं, आणि ते समजायला एवढा खटाटोप त्याने एकट्याने केला होता.

तो बाजूला उभा होता. मग त्याला वाटलं, नुसतं बघत राहणं हे सगळ्यात वाईट. तो गर्दीत शिरला, डाव्या बाजूला नाथाकाकांच्या पुढे जागा करून त्याने खांदा दिला. कोणी अडवलं नाही. दगडूबाबांनी मागे वळून एकदा पाहिलं आणि मान हलवली. ती मान हलवणं मितेशला फार मोठं वाटलं.

हय्या झालं, होडी उचलली गेली, बँड सुरू झाला. मितेशने दात आवळले, दोन्ही हात वर करून होडीच्या बुडाला लावले आणि चालू लागला. शाळा गेली, मारुतीचं देऊळ गेलं. त्याला घाम फुटला होता, टोपी डोळ्यांवर आली होती, खांदा ताठ करून तो पाऊल टाकत होता. पण थांबायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो या घराचं काहीतरी वाहत होता. आठवड्याभराचं पाप थोडंथोडं खांद्यावरून उतरतंय असं त्याला वाटत होतं. खरंच, भार असा काही वाटतच नव्हता. खाडीचा वास यायला लागला तेव्हा त्याचे डोळेही जरा ओले झाले.

तेवढ्यात मागून नाथाकाकांचा आवाज आला. त्यांना दम लागला होता, पण बोलणं अदबीचं होतं.

"जावय," ते म्हणाले, "हात खाली घेतलं तरी चालंल. होरी तुमचे खांद्यापासून चार बोटं वर हाय, लागतच नाय."